मेण लावलेले ओंडके

सुताराला सरपणाचं काम सांगू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. हे मत व्हायला एक वर्ष आणि एक रविवार लागला.

बायको बेकरीतून निवृत्त झाली त्या दिवशी तिथल्या सगळ्यांनी मिळून तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिने घरी आणलं, पलंगाखाली सरकवलं आणि म्हणाली, "मला मागच्या अंगणात मातीची भट्टी बांधायची आहे."

"गॅसचा ओव्हन आहे की घरात," मी म्हटलं.

"तो ओव्हन आहे. मला भट्टी हवी."

कारण मला ठाऊक होतं, म्हणून मी जास्त ताणलं नाही. एकोणतीस वर्षं हिने त्या बेकरीत पीठ मळलं. रोज शेकडो पाव हिच्या हाताखालून गेले, पण त्यातला एकही हिने स्वतः भाजलेला नव्हता. भट्टी होती भट्टीदादांची. दादा म्हणजे तिथले सगळ्यात जुने कारागीर. माणूस वाईट नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, पण ही भट्टीच्या तोंडाशी जरा जाऊन उभी राहिली की म्हणायचे, "मागे सर गं, हात भाजतील." पहिल्या वर्षी म्हणाले तेव्हा ती काळजी असेल. एकोणतिसाव्या वर्षीही तेच वाक्य, त्याच सुरात. ही घरी येऊन ते सांगायची, तेही चिडून नाही. 'आज भाजी स्वस्त होती' म्हणावं तसं सांगायची आणि ताट वाढायला लागायची. मला मात्र त्या दादांचा राग यायचा आणि तो मी रंध्यावर काढायचो.

भट्टी तिने स्वतः बांधली. माती, वाळू आणि बारीक कापलेला पेंढा पायांनी तुडवला, वाळूचा ढीग करून त्यावर ओले वर्तमानपत्राचे कागद चिकटवले, त्यावर चार बोटं जाडीचा मातीचा थर थापला आणि तो आवळून आल्यावर आतली वाळू तोंडातून उकरून काढली. झाला घुमट. मी खालचा विटांचा ओटा बांधून दिला आणि दोन कामं अंगावर घेतली. एक म्हणजे भट्टीचं दार. लाकडी, जाड, तोंडात नेमकं बसणारं, वापरायच्या आधी पाण्यात भिजवायचं. दुसरं म्हणजे सरपण.

"दार होईल गं," मी म्हटलं.

आमच्या घरात 'होईल गं' या शब्दांना इतिहास आहे. लग्न झाल्या झाल्या मी हिला अक्रोडाच्या लाकडाचं कपाट करून देतो म्हणालो होतो. लाकूड आणलं, त्यातून एक दार केलं, तेही सरस न लावता, नुसत्या लाकडी खुंट्यांनी जोडून; आठ फळ्या उरल्या. मग गिऱ्हाइकांची कामं आली, मग मुलगी झाली, मग मुलीची शाळा आली. मुलगी शिकून नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. फळ्या आणि ते एकुलतं एक दार माझ्या कारखान्याच्या माळ्यावर एकतीस वर्षं पडून होतं. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, पण मी तिला कारखानाच म्हणतो. बायको अधूनमधून माळ्याकडे बघून विचारायची, "कपाट कसं आहे? बरं आहे ना?" जणू काही दूरचा आजारी नातेवाईक.

तर, सरपण.

आमच्या रस्त्याच्या टोकाला तुतीचं मोठं झाड होतं, ते वादळात पडलं. मी हातगाडी घेऊन चार फेऱ्या मारल्या. तुतीचं लाकूड भट्टीला उत्तम, जड आणि संथ जळणारं, निखारा धरून ठेवणारं. बायकोने आपल्या अटी आधीच सांगून ठेवल्या होत्या. रंग लावलेलं लाकूड चालणार नाही. प्लायवूड चालणार नाही, त्यात गोंद असतो. डिंकाळ लाकूड नको, त्याचा काळा धूर होतो. जिथे विस्तव पेटतो तिथेच झाडून पाव ठेवायचा असतो, तेव्हा लाकडात जे असेल ते पोटात जाणार.

"आणि आणल्या आणल्या फोडून ठेवा," ती म्हणाली. "मनगटाएवढे तुकडे करा. साल धरून ठेवलेलं लाकूड वाळत नाही."

"लाकडाचं तू मला शिकवतेस?" मी म्हटलं. ती गप्प बसली. तिने तेव्हा गप्प बसायला नको होतं.

मी ओंडके हातभर लांबीचे कापले. आतला गाभा हळदीसारखा पिवळाधमक निघाला. मी कुऱ्हाड उचलली आणि खाली ठेवली. एका ओंडक्यात मला सरळ सरळ लाकडी वाडगा दिसत होता. दुसऱ्यात स्टुलाचे चार पाय. तिसऱ्याला एक सुरेख वळण होतं, त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं, पण काहीतरी नक्की होणार होतं. म्हटलं, आत्ता फोडायची घाई कशाला, सावकाश बघू. आठवड्याभरात ओंडक्यांच्या टोकांना बारीक तडे जायला लागले. आता सुताराला तडा बघवत नाही. लाकडाला तडा जाऊ नये म्हणून त्याच्या टोकांना मेण लावतात, म्हणजे आतलं पाणी हळूहळू, दोन-तीन वर्षांनी बाहेर पडतं आणि लाकूड अखंड राहतं. माझा हात आपोआप मेणाच्या डब्याकडे गेला. जुन्या पातेल्यात मेण वितळवलं आणि ब्रशने एकेका ओंडक्याची दोन्ही टोकं रंगवली. मग पत्र्याखाली त्यांची अशी सरळ रास रचली की शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "भावजी, हे सरपण आहे की शोकेस?"

मला ती तारीफ वाटली.

वर्ष गेलं. भट्टीची माती वाळवायला बायको पंधरा दिवस रोज छोटा विस्तव करत होती, त्यात माझ्या कारखान्यातले साध्या लाकडाचे सगळे तुकडे, ढलप्या, काटक्या संपल्या, टोपलीभर तेवढ्या उरल्या. तुतीला तिने हात लावला नाही. ती राखून ठेवली होती पहिल्या खऱ्या भट्टीसाठी. त्या रविवारी बेकरीतली अकरा माणसं दुपारी एक वाजता जेवायला येणार होती. बोलावणं गेलं तेव्हा भट्टीदादा म्हणाले होते म्हणे, "मातीत पाव भाजणार? बघू या तरी." ही ते मला सांगताना हसली. पण आदल्या आठवड्यात तिने अंगण तीनदा झाडलं, आणि भट्टीवर एक बारीकशी भेग होती ती ओल्या मातीने चारदा लिंपली.

रविवारी सकाळी सहाला तिने विस्तव पेटवला. शेवटची टोपलीभर काटकी छान भडकली. तिने वर दोन ओंडके ठेवले, मग आणखी दोन. मी खुर्ची टाकून चहा पीत बसलो होतो, आपलं काम चोख झालेल्या माणसासारखा.

थोड्या वेळाने सूंऽऽ असा आवाज यायला लागला. मी कान टवकारले. ओंडक्यांच्या टोकांवरचं मेण वितळून ओघळलं होतं आणि तिथून पाण्याचा फेस बुडबुडत होता. मग धूर आला, पांढरा, दाट आणि आळशी. तो वर जायला तयार नव्हता, अंगणातच फिरत होता. शेजारच्या वहिनींनी दोरीवरचे कपडे काढून आत नेले.

साडेआठ वाजले. घुमट आतून काळाकुट्ट. भट्टी तापली की ही काजळी आपोआप जळून जाते आणि माती आतून पांढरी दिसायला लागते, तेव्हाच ती पाव घ्यायला तयार असते. आमची तर रात्रीच्या आभाळासारखी होती.

"ओंडके वाळलेत ना?" बायकोने विचारलं.

"वर्ष झालं की."

तिने राशीतले दोन ओंडके घेऊन एकमेकांवर आपटले. वाळलेलं लाकूड टणकन वाजतं. हे ढप्प वाजलं. तिने एकाचं टोक उजेडाकडे केलं आणि नखाने खरवडलं. नखाखाली मेणाची गुंडाळी आली.

"हे काय आहे?"

"मेण."

"मेण कशाला?"

"तडे जाऊ नयेत म्हणून."

अगदी हळू, समजावून घ्यायच्या सुरात तिने विचारलं, "अहो, सरपणाला तडे गेले तर काय बिघडतं?"

पस्तीस वर्षांची सुतारकी एका प्रश्नात तोंडघशी पडली. मी सगळं कबूल करून टाकलं, वाडगा, स्टुलाचे पाय आणि ते सुरेख वळणसुद्धा. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "दादा एक वाजता येणार," आणि आत जाऊन फुगत आलेलं पीठ दाबून बसवलं, पुन्हा गोळे वळले आणि परात न्हाणीघराच्या गार फरशीवर नेऊन ठेवली. त्यामुळे आम्हाला फार तर दोन तास जादा मिळाले.

बाहेर येऊन तिने हात पुसले. "सुकं काय आहे घरात?"

मी बोटं मोजली. प्लायवूड होतं, ते नको. जुनी खिडकीची चौकट होती, तिला तीन पिढ्यांचे रंग. खुर्च्यांना पॉलिश. लाकडाची वखार रविवारी बंद. आजूबाजूला सगळ्यांकडे गॅस.

"बरं," ती म्हणाली. "मग गॅसवर भाजू. जेवण तर होईलच त्यांचं."

हे म्हणताना ती भट्टीकडे बघत होती. माळ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. एकतीस वर्षं त्या माळ्याकडे बघून टोमणे मारणारी बाई नेमकी आज तिकडे बघत नव्हती. ते मला लागलं.

मी शिडी लावली.

फळ्यांवर बोटभर धूळ होती. एक फळी खाली घेऊन पुसली, तर ती अजून तशीच सुंदर, तपकिरी, आत काळसर लाटा. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पहिली फळी करवतीखाली घेण्याआधी दोनदा उलटून पाहिली. पण एकदा करवत चालली, अक्रोडाचा तो थोडा कडवट वास सुटला आणि मग हात थांबला नाही. पॉलिश लावलेलं नव्हतं, कारण कपाट कधी झालंच नव्हतं. माझ्या आळसाचा असा उपयोग होईल असं मला तरी वाटलं नव्हतं.

बायको शेडच्या दारात आली. "अहो, ही तर..."

"सुकी आहेत," मी म्हटलं. "याची मी खात्री देतो. एकतीस वर्षं वाळवलीत."

तिने दोन तुकडे उचलले आणि एकमेकांवर आपटले. टणकन वाजले. ती आधी हसली आणि मग तिला डोळे पुसावे लागले. धुराने, असं ती म्हणाली, पण शेडमध्ये धूर नव्हता.

आम्ही ओले ओंडके चिमट्याने बाहेर ओढून टाकले आणि अक्रोडाचे तुकडे आत रचले, आडवे-उभे, मध्ये हवा खेळायला जागा ठेवून. ज्वाळ सरळ घुमटाला लागून तोंडाकडे वळली. धूर नाहीसाच झाला. आठपैकी सहा फळ्या जळल्या. अकराच्या सुमाराला घुमटाच्या माथ्यावर रुपयाएवढा पांढरा ठिपका दिसला, तो पसरत गेला, आणि साडेअकराला सगळा घुमट आतून स्वच्छ होता.

तेवढ्यात भट्टीदादा आले, दीड तास आधी. त्यांना राहवलं नसणार. त्यांनी भट्टीभोवती एक फेरी मारली, मातीवर हात ठेवून पाहिला आणि मान हलवली, कुठल्या बाजूला ते कळलं नाही. बायकोने निखारे ओढून काढले, काठीला बांधलेल्या ओल्या फडक्याने तळ पुसला, वाफ भस्सकन बाहेर आली. मग ती वळली आणि म्हणाली, "आता तोंड बंद करून अर्धा तास ठेवायची, ऊब सगळीकडे सारखी बसायला हवी. दार कुठंय?"

दार मी केलंच नव्हतं. दार होईल गं, म्हणून मी वर्षभर निवांत होतो.

"आलोच," मी म्हटलं. तिला सगळं कळलं. तिने ओलं पोतं उचललं आणि भट्टीच्या तोंडावर धरून उभी राहिली. "दहा मिनिटं," ती म्हणाली. "जास्त नाही."

माळ्यावर चादरीखाली मी ते लपवून ठेवलं होतं. फळ्या जाळल्या, पण कपाटाचं दार जाळायला माझं मन झालं नव्हतं. आता ते बाकावर आडवं टाकलं, भट्टीच्या तोंडाचा मागेच कापून ठेवलेला पुठ्ठ्याचा साचा त्यावर ठेवून कमान आखली आणि मधला भाग कापून घेतला. कडा तासायला वेळ नव्हता. पिंपात बुडवलं, तसंच पाणी गळत नेलं आणि तोंडात बसवलं. बसलं. एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट राहिली, ती बायकोने ओल्या मातीने बुजवली.

"अक्रोड?" दादांनी विचारलं.

"अक्रोड," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने तिने दार काढून तळावर चिमूटभर पीठ टाकलं आणि दहा आकडे मोजले. पीठ बदामी झालं, काळं नाही. पहिले आठ पाव लांब दांड्याच्या सपाट फळीवरून आत सरकवले आणि दार पुन्हा लावलं. तोवर बाकीचे लोक आले होते. अंगणात खुर्च्या कमी पडल्या तर चार जण मेण लावलेल्या ओंडक्यांवर बसले. बसायला ते उत्तम होते, हे कुणीतरी आवर्जून सांगितलं.

वास आधी आला. बोलणं हळूहळू थांबलं. बायको दारासमोर उभी होती, दोन्ही हातांना जाड फडकी गुंडाळून. दार काढायची वेळ झाली तेव्हा भट्टीदादा सवयीने पुढे झाले आणि त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे, मी काढतो."

"दादा," ती म्हणाली, "मागे सरा. हात भाजतील."

आवाज चढलेला नव्हता. अगदी काळजीने म्हणाली. पण बेकरीतल्या बाकी दहाही माणसांनी ते वाक्य वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. दादा दोन पावलं मागे सरले आणि हात पाठीमागे बांधून घेतले.

तिने दार काढलं. पाव वर आले होते, कवच तांबूस, एकावर बारीक चीर. तिने पहिला पाव उचलला, उलटा केला, बोटाने तळ वाजवला आणि तो दादांच्या हातात दिला. त्यांनीही वाजवला, कानाशी धरून. पोकळ आवाज आला. बराच वेळ त्यांनी तो पाव खाली ठेवला नाही.

"इतकी वर्षं," ते शेवटी म्हणाले, "मी तुला उगाच मागे सारत होतो."

"हो," बायको म्हणाली. "बसा आता, गरम आहे तोवर खा."

एवढंच. तिने ना मान झुकवली, ना नाक वर केलं. मला मात्र इतका आनंद झाला की मी दुसऱ्या खेपेचे दोन पाव एकट्याने खाल्ले.

उन्हं उतरल्यावर लोक गेले. दादा सगळ्यांत शेवटी, पुढच्या रविवारी येऊ का असं विचारून. मी कुऱ्हाड घेऊन बसलो होतो. ओंडक्यांची टोकं कापायची, मग फोडायचं. वाडग्याचा ओंडका पहिला फोडला. सुरेख वळणाचा हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि तोही फोडला.

बायको भट्टीचं दार भिंतीला टेकवून वाळत ठेवत होती. आतली बाजू जळून काळी झाली होती. तिने ते उलटून बाहेरची बाजू पाहिली आणि तिथेच थांबली.

"हे काय लिहिलंय?"

पेन्सिलीची एक आडवी रेघ होती, पुसट, आणि तिच्या बाजूला माझ्या तेव्हाच्या अक्षरात दोन शब्द: हिचा हात.

"मूठ कुठे बसवायची त्याची खूण," मी म्हटलं. "लग्नाच्या आठवड्यात तुला भिंतीशी उभं करून मोजलं होतं. हात सहज जाईल अशा उंचीवर हवी होती."

"मला आठवतं. मला वाटलं होतं, तुम्ही गंमत करताय." तिने त्या रेघेवर तळहात ठेवला. तो भाग आता तिच्या गुडघ्याइतकाच उंच होता, तरी ती वाकून हात ठेवून राहिली. मग म्हणाली, "आज फडकी धरून काढताना चटका बसला मला. याला मूठ हवी."

दोन फळ्या शिल्लक होत्या. तोंडाशी आलेलं 'होईल गं' मी गिळलं, उठलो, शेडमधला दिवा लावला आणि त्यातल्या एका फळीवर मुठीची आखणी सुरू केली. ती दार घेऊन माझ्यामागोमाग आत आली.